वाकवा आणि थांबा

सगुणाबाईंनी माझ्यासमोर एका कागदावर सही केली, तेव्हा त्यांनी मला एकच गोष्ट विचारली होती. मी तिचं खोटं उत्तर दिलं. हे मी आजवर दुसऱ्या कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. त्यांच्याबद्दल चांगलं चांगलं लिहून ही गोष्ट गाळता आली असती. दोनदा तसं लिहूनही पाहिलं. पण त्यात सगुणाबाई कुठं दिसेनातच. दिसत होतो तो मी, हळवा वगैरे झालेला. म्हणून ते फाडलं.

कामथडीजवळ, हायवेपासून थोडं आत, आमची शेड होती. पत्र्याचं छप्पर, आत एसी, दारात चपला. बाहेरून बघणाऱ्याला पापडाचा कारखाना वाटावा. आत आम्ही पारदर्शक प्लॅस्टिकच्या पातळ फिल्मवर चांदीच्या शाईनं रेघा छापत होतो. केसापेक्षा बारीक रेघा, त्यावर एक संरक्षक थर, आणि वीतभर लांबीची पट्टी तयार. ती पट्टी पुण्याच्या एका कंपनीत जायची. तिथं तिला चिप बसायची आणि ती सैनिकाच्या आतल्या बनियनमध्ये, पाठीच्या कण्यावर शिवली जायची. माणूस श्वास घेतोय का, उभा आहे की पडलाय, हे ती पट्टी त्याच्या तुकडीच्या प्रमुखाला दूरवर कळवायची. कापडासारखी वाकणारी तार, असं मी भोरच्या घरी समजावून सांगायचो. मी तिथं तपासणीचा प्रमुख होतो. माझ्या सहीशिवाय एकही पेटी हलत नसे.

तपासणीच्या टेबलावर सात बायका होत्या. कुणी उत्रोलीच्या, कुणी भोंगवलीच्या. सगुणाबाई सगळ्यांत लांबून, वेल्ह्याकडून यायच्या. मार्गासनीच्या पुढं त्यांची वाडी. पहाटे निघून आधी एसटी, मग मिळेल तो टेम्पो. वय पन्नाशीच्या पुढं, अंगानं सुतळीसारख्या, आणि उशीर एकदाही नाही.

त्यांना कामावर घेतलं तो दिवस आठवतो. मी विचारलं, "शिक्षण?"

"चौथी. फुडं शाळाच न्हवती."

"भिंगातून बघून काम करायचंय. जमेल?"

"बगू की. आदी दावा तर."

मी पाच पट्ट्या पुढं टाकल्या. त्यांतली एक मुद्दाम खराब, एका रेघेला सूक्ष्म तडा गेलेली. त्यांनी भिंगाकडे पाहिलंही नाही. एकेक पट्टी उचलली आणि डोळे मिटून खालच्या ओठावरून हळूच ओढली. चौथी बाजूला ठेवली. "ही मोडल्याली."

मी ओरडलोच. "अहो, तोंडाला काय लावता! थुंकी लागली की माल वाया!"

"थुकी कुटं लागली? कोरडा हाय ओठ." मग आपल्या हातांकडे बघत म्हणाल्या, "ह्या बोटांना चिखलानं काय कळायचं ठिवलंय? वठाला कळतं."

चौथीच खराब होती. मी त्यांना घेतलं, पण ओठ लावायचा नाही अशी लेखी ताकीद देऊन. त्यांनी ती ताकीद डब्याच्या पिशवीत ठेवली आणि मी पाठ फिरवली की ओठ लावत राहिल्या. मला ते माहीत होतं. त्यांच्या टेबलावरून एकही सदोष पट्टी सुटत नव्हती, तेव्हा मीही पाठ जरा जास्त वेळ फिरवायला लागलो.

मला त्या साहेब कधीच म्हणाल्या नाहीत. बाकीच्या म्हणायच्या. यांचं "मास्तर". मी एकदा विचारलं, मास्तर का? म्हणाल्या, "पास-नापास कोन करतंय? तुमीच ना?"

गेटवर मुलाणी नावाचे भोरचे वॉचमन होते. आत-बाहेर जाणाऱ्याची पिशवी बघणं हे त्यांचं काम. त्या दोघांचं रोज वाजायचं.

"मुलाणी, डब्यात भाकरी हाय, तोफ न्हाई."

"कशाबरोबर हाय ते बघतो, बाई. नियम हाय."

"वरण्याची उसळ. आता बगितली तर खावी लागंल, न्हाईतर पोटात दुखंल माज्या."

मुलाणी हसायचे आणि पिशवी न बघता सोडायचे. पुढं त्यांना हे महागात पडलं. तेही माझ्याच खात्यावर.

शेडच्या कोपऱ्यात वाकवण्याचं यंत्र होतं. दोन जबड्यांत पट्टी धरायची, मग ते तिला वाकवायचं, सरळ करायचं, पुन्हा वाकवायचं. टकटक, टकटक, दिवसभर. ठरलेले वाक झाले की पट्टी मीटरवर लावायची. दिवा हिरवा लागला की पास. सगुणाबाई जेवताना त्या यंत्रासमोर बसायच्या. भाकरी हातात तशीच राहायची. एकदा मी म्हणालो, "सिनेमा बघताय काय?"

"बगते. लई घाई हाय ह्याला."

त्या काय बोलल्या ते मला कळायला वर्ष लागलं.

एका उन्हाळ्यात माल घेणाऱ्यांकडून, म्हणजे सैन्याकडून, एक निवृत्त सुभेदार पाहणीला आले. मोठ्या मिशांचे, बोलके. मालकांनी त्यांना सगळं फिरवून दाखवलं. तपासणीच्या टेबलाशी आले तेव्हा सगळ्या बायका माना खाली घालून बसल्या होत्या. सगुणाबाईंनी मान वर केली.

"सायेब, एक इचारू? तुमची माणसं बसत्यात ती किती येळ बसत्यात?"

मालकांच्या कपाळावर आठी. सुभेदार मात्र थांबले. "म्हणजे?"

"म्हंजे दबा धरून. वाकून."

"असं होय." ते हसले. "बाई, कधी कधी एका दगडाआड सकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंत. हललं की दिसतं. मग अंग आखडलं तरी तसंच."

"तसंच," सगुणाबाई म्हणाल्या.

सुभेदार पुढं गेले. मालक मला दबक्या आवाजात म्हणाले, "या बाईला पाहुण्यांसमोर बसवत जाऊ नका." सगुणाबाईंनी कोपऱ्यातल्या यंत्राकडे पाहिलं. त्या दिवशी डबा तसाच परत नेला.

त्याच उन्हाळ्यात मालकांनी वरच्या संरक्षक थराचं सामान बदललं. नवं स्वस्त होतं, आणि दिसायला जास्त चकचकीत. पहिल्याच दिवशी सगुणाबाई ओठावरून पट्टी ओढून म्हणाल्या, "मास्तर, ही करकरीत लागतीय. जुनी मऊ व्हती." मी नव्या पट्ट्या यंत्रावर लावल्या. सगळे वाक पूर्ण, दिवा हिरवा. मी त्यांना दिवा दाखवला. त्या म्हणाल्या, "व्हय, लागलाय खरा."

मग भाताची लावणी आली. लावणीत आमच्या शेडमध्ये निम्मी टेबलं रिकामी पडायची. मालक दरवर्षी नोटीस लावायचे, पगार कापायचे, तरी वेल्ह्याकडची बाई लावणीच्या दिवसांत कामावर येत नाही म्हणजे नाही. एकीच्या खाचरात सगळ्यांनी जायचं, मग दुसरीच्या, अशी सावड असते. आपण गेलो नाही तर आपल्या खाचरात कोण येणार? सगुणाबाईंनी चार दिवसांची रजा मागितली, मी दिली.

पाचव्या दिवशी त्या आल्या. हाताला चिखलाचे पांढरे ओरखडे, बोटांची पेरं फुगलेली. सगळ्या जेवायला गेल्यावर माझ्या टेबलाशी आल्या आणि पिशवीतून तीन पट्ट्या काढून समोर ठेवल्या. दोन मळक्या, कडेला चिकटपट्टीचे तुकडे. तिसरी कोरी.

मी आधी दाराकडे बघितलं. त्या पट्टीचा तुकडासुद्धा गेटबाहेर न्यायचा नाही, हा आमच्याकडचा पहिला नियम. सैन्याचा माल. नोकरी जाते, पोलीसही येऊ शकतात.

"हे काय केलंत?"

"चोरी म्हना. पन आदी बगा." त्यांनी एक मळकी पट्टी पुढं सरकवली. "ही माज्या पाठीला लावली व्हती, चोळीच्या आत. चार दिस लावनीत. ही दुसरी माज्या जावंच्या पाठीला. आनि ही तिसरी घरात पेटीत ठिवली, सरळ. तिला कायबी केलं न्हाई."

शाळा चौथीची. कुठल्याही प्रयोगशाळेत करतात ते त्या बाईनं तीन पट्ट्यांत केलं होतं.

मी त्यांच्या पाठीची पट्टी मीटरवर लावली. दिवा हिरवा.

इतका हलका झालो मी! म्हणालो, "बघा. चालू आहे. काही झालेलं नाही तिला. गुपचूप परत ठेवून देऊ."

"आसं सपाट न्हाई. वाकवा."

मी वाकवली. हिरवा.

"आता थांबा."

"किती वेळ?"

"थांबा म्हनते न्हवं."

मी पट्टी बोटांत वाकवून धरून बसलो. त्या समोर उभ्या. बाहेर बायकांचं हसणं, डब्यांची झाकणं. यंत्र टकटकत होतं. मला अवघडल्यासारखं झालं, पट्टी सोडावीशी वाटली. आणि तेवढ्यात दिवा लाल झाला. मी पट्टी सरळ केली, पुन्हा हिरवा. वाकवून धरली, थोड्या वेळानं लाल.

जावेची पट्टी तशीच. पेटीतली कितीही वेळ धरली तरी हिरवी.

भिंगाखाली बघितलं. कण्याच्या मध्यावर जिथं वाक पडतो तिथं नव्या थराला एक तडा, आणि तो थेट रेघेत उतरलेला. पट्टी सपाट असली की तड्याच्या दोन्ही बाजू एकमेकींना टेकतात, वीज वाहते. वाकून राहिली की हळूहळू उघडतात.

"मशीन वाकतंय न् लगीच सरळ व्हतंय," सगुणाबाई म्हणाल्या. "माणूस तसा वाकत न्हाई, मास्तर. माणूस वाकला की ऱ्हातो."

मी म्हणालो, "बघतो मी." त्या जेवायला गेल्या.

त्या नव्या थराची पूर्ण खेप पेट्यांत भरून तयार होती. आठवडाअखेरीस जाणार होती. प्रत्येक पेटीवर माझी सही.

आता जे लिहायचं ते लिहितो. मी मालकांकडे गेलो. दोन गोष्टी सांगायच्या होत्या. एक, पट्ट्या बाहेर गेल्या होत्या. दोन, पट्ट्या मरतात. मी पहिली सांगितली. मालक इतके भडकले की दुसरी सांगायला मला जागा मिळाली नाही, असं मी पुढं कित्येक दिवस स्वतःला सांगत होतो. ते खरं नाही. मालक ओरडून थांबले, पाणी प्यायले, मला म्हणाले, "आणखी काही?" आणि मी म्हणालो, "नाही."

का म्हणालो? मुलीचं कॉलेज, घराचा हप्ता, ही कारणं मी तयार ठेवली आहेत. पण त्या क्षणी ती मनात नव्हती. मनात एवढंच होतं की पेट्यांवर माझी सही आहे, आणि मी मीटरवर बघितलं तेव्हा दिवा हिरवा होता. तपासणीच्या रजिस्टरात मी लिहिलं: "परत आलेल्या तीन पट्ट्या टेबलवर तपासल्या. चालू." त्यातला एकही शब्द खोटा नाही.

मालकांना पोलीस नको होते. गाजावाजा झाला असता तर कामच गेलं असतं. म्हणून सगुणाबाईंकडून माफीनामा घ्यायचा आणि त्यांना घरी पाठवायचं ठरलं. तो माफीनामा मी लिहिला. 'माझ्याकडून नजरचुकीने तीन पट्ट्या घरी गेल्या, त्या मी परत केल्या, मी राजीखुशीने काम सोडत आहे.'

त्यांनी तो बोट ठेवून, ओठ हलवत वाचला. दोनदा वाचला. मग मला विचारलं, "ह्यात पट्टी मेली ते कुटं लिवलंय?"

"ते वेगळ्या कागदावर लिहायचं असतं," मी म्हणालो. "तो कागद मी करतो. वर पाठवतो."

"पेट्या जायच्या आदी?"

"हो."

त्यांनी कागद टेबलावर सरळ केला. मग म्हणाल्या, "मग माजं काय न्हाई. नोकरी काय, आज हाय. पट्टी नापास करा म्हंजे झालं." आणि जपून, एकेक अक्षर काढत सही केली.

गेटवर त्या दिवशी मुलाणींना पिशवी उलटी करून बघावी लागली. मालक उभे होते. डबा, फडक्याचा पिळा, एक कंगवा, आणि माझी ती ओठ न लावण्याची जुनी ताकीद. मुलाणींचाही आठवड्याचा पगार कापला गेला. सगुणाबाई टेम्पोत बसल्यावर ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "सायेब, चोरी करनारी बाई माल परत आनून देती व्हय?"

पेट्या शनिवारी गेल्या.

त्यानंतरच्या दिवसांत मला एक खोड लागली. ती अजून आहे. भोरच्या बाजारात एखादी बाई भाजीच्या पाटीवर वाकून बसलेली दिसली, नळावर कुणी भांडी घासताना दिसलं, की माझं लक्ष तिच्या पाठीवर जातं आणि मी मनात वेळ मोजायला लागतो. ती सरळ होईपर्यंत मला पुढं जाता येत नाही. बायको विचारते, काय बघताय? मी म्हणतो, मेथी.

दीड वर्षानं पुण्याहून एक पार्सल आलं. वापरातून परत आलेल्या पट्ट्या, सोबत एका ओळीचं पत्र: चालत नाहीत, कारण कळवावे. मी सगळ्या भिंगाखाली घातल्या. एकाच जागी तडा, सगळ्यांना. एक पट्टी मात्र कापडासकट होती. बनियनचा तुकडा, पट्टीभोवतीनं कापलेला. शिवण उसवली नव्हती, कात्रीनं कापलं होतं, घाईनं, वाकडंतिकडं. कापड धुतलेलं होतं.

मी पुण्याला फोन केला. हा तुकडा कुठून आला? ते म्हणाले, आम्हालाही सांगत नाहीत. कुण्या कोठाराच्या माणसानं शिवण उसवायचा कंटाळा केला म्हणून कापलं असेल. किंवा कुण्या डॉक्टरनं. अंगावरचं कापड डॉक्टर तसंच कापतात. दोन्हीतलं काय, ते मला माहीत नाही. माहीत होण्याची शक्यताही नाही. त्या तुकड्याचा आकार मात्र मी आत्ता डोळे मिटूनही काढून दाखवीन.

तिसऱ्या दिवशी मी मार्गासनीकडे गाडी काढली.

भाताची झोडणी संपली होती. वाडीत जिथं तिथं पेंढ्याच्या गंजी. सगुणाबाई अंगणात पोत्याचं तोंड शिवत होत्या. आणखी वाळल्या होत्या, आणि मधूनमधून खोकत होत्या. मला बघून उठल्या नाहीत. "या मास्तर," म्हणाल्या, दाभण चालूच. मी ओट्यावर बसलो. पाणी आलं. कशा आहात, भात किती झालं, असलं काहीबाही मी बोललो.

त्यांनी दोरा दातानं तोडला. "त्यो कागद लिवला व्हता का?"

"नाही."

"पेट्या गेल्या?"

"गेल्या."

मला वाटलं त्या ओरडतील. मला ते हवं होतं, त्यासाठीच आलो होतो बहुतेक. त्यांनी दाभणात नवा दोरा ओवला. मग मी पार्सलचं सांगितलं. कापडाचा तुकडा सोबत आणला होता, तो दाखवला. त्यांनी तो हातात घेतला, उलटा-सुलटा केला. ओठाला नाही लावला.

"कोन व्हता?"

"माहीत नाही."

"जित्ता हाय?"

"तेही माहीत नाही."

त्यांनी तुकडा घडी करून मला परत दिला. मग म्हणाल्या, "कागद आनलाय का?"

माझ्या बॅगेत वही होती. त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. कुणाच्या खाचरात किती दिवस. पट्टी कुठं लावली, कशी लावली. जावेला हाक मारून तिच्या पट्टीचंही विचारून घेतलं. जाऊ म्हणाली, "आगं, मला काय ठावं, तू चिकटवलीस, म्या वाकले." सगुणाबाई म्हणाल्या, "तेच लिवा." मग दिवा लाल झाला ते. मग मी मालकांकडे काय बोललो आणि काय बोललो नाही ते, तो भाग मी स्वतःहून सांगितला, आणि त्या म्हणाल्या, "त्येबी लिवा. तुमच्या हातानं हाय, बरं दिसंल." खाली त्यांनी सही केली, मग माझी. जावेनं अंगठा दिला.

तो कागद मी दुसऱ्या दिवशी पुण्याला आणि माल घेणाऱ्यांकडे, दोन्हीकडे रजिस्टर पोस्टानं पाठवला. नव्या थराचं काम थांबलं, उरलेला माल परत मागवला, एवढं मला नंतर उडत उडत कळलं. किती परत आला, किती राहिला, कोण सांगणार? माझी नोकरी गेली. जायलाच हवी होती. सगुणाबाईंच्या नोकरीनंतर दीड वर्षानं गेली, एवढंच त्यात चुकीचं. त्या माघात सगुणाबाई खोकल्यानं गेल्याचं मुलाणींनी मला सांगितलं. तेराव्यालाही मी गेलो नाही. कोण म्हणून जाणार होतो?

म्हणजे मी त्यांना शेवटचं बघितलं ते त्याच दिवशी. कागदाची घडी खिशात घालून मी गाडीपाशी आलो. चहा त्यांनी विचारला नाही. त्या पोतं गिरणीला न्यायला निघाल्या होत्या. जावेनं पोतं उचलून त्यांच्या डोक्यावर दिलं, त्यांनी एका हातानं ते सावरलं आणि चालू लागल्या. वाटेत एक म्हातारी शेळी घेऊन येत होती. तिनं माझ्या गाडीकडे बोट करून विचारलं, "सगुणे, कोन गं पाव्हनं?"

सगुणाबाई थांबल्या नाहीत. मला ऐकू जाईल की नाही याचा विचार त्यांनी केला होता असं मला वाटत नाही.

"कारखान्यातले हायेत," त्या म्हणाल्या. "एक कागद लिवायचा ऱ्हायला व्हता त्यांचा."